करापुरतं नातं

ड्रम फुटला तेव्हा मळणीवाला गव्हाची पेंढी यंत्राच्या तोंडात ढकलत होता. आधी खडखडाट झाला, मग आतून लोखंडाचा एक तुकडा जाळी फाडून बाहेर आला आणि भरलेल्या पोत्यांच्या थप्पीत घुसला. त्यानं हात मागं घेतला म्हणून हात राहिला. बायकोनं धावत जाऊन इंजिन बंद केलं. उडालेला भुसा सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर, घामेजल्या मानांवर निवांत बसत गेला.

शेताचा मालक बांधावरून उतरून आला. त्यानं आधी पोत्यांकडं पाहिलं, मग आभाळाकडं आणि सगळ्यात शेवटी मळणीवाल्याकडं.

"हात शाबूत आहे ना?"

"आहे."

"मग आता काय?"

"मामांना बोलावतो."

मामा म्हणजे मळणीवाल्याच्या शेजारचे लोहारमामा. दोन घरांत एकच भिंत. भिंतीच्या अलीकडं मळणीवाला, त्याची बायको, दोन लहान पोरं आणि नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली त्याची थोरली बहीण आक्का. पलीकडं एकटे मामा, त्यांचा भाता आणि त्यांची ऐरण. दुपारी आक्का जरा आडवी व्हायची, तेव्हा मामा घण खाली ठेवून कानशीनं होईल तेवढंच काम करायचे. तरी उठल्यावर आक्का भिंतीवर थाप मारून म्हणायची, "आज जरा जास्तच घासलंत." पलीकडून मामा म्हणायचे, "कानशीला आवाज असतो, आक्का." कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मामा आले आणि यंत्राखाली पाठीवर सरपटत शिरले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा नाकाला वंगण लागलं होतं.

"मागं दोनदा टाके घातले याला," ते म्हणाले. "आता टाका घालायला कापडच उरलं नाही."

"नवा ड्रम बसवला तर?"

"ड्रम बसवलास तर आस मोडेल. आस बसवलास तर चौकट जाईल. म्हातारीला दात करून दिले म्हणून ती ऊस खात नाही."

शेतमालकानं त्यांच्यादेखतच फोन लावला. थोड्या वेळानं टोपीवाल्याचं नवं कोरं यंत्र बांधावरून डुलत आलं. टोपीवाला उन्हाळा-हिवाळा टोपी घालायचा आणि बोलायचा गोड. त्यानं फुटलेल्या ड्रमकडं बघून च्यक् च्यक् केलं आणि तो मळणीवाल्याकडं वळला.

"वाईट झालं, मालक. माझ्याकडं पेंढ्या सारायला माणूस कमी आहे. हात रिकामेच आहेत तर येता का?"

सुगी ऐन भरात होती. घरात बसून भागणार नव्हतं. मळणीवाला दुसऱ्या दिवसापासून टोपीवाल्याच्या यंत्रावर मजुरीनं उभा राहिला. टोपीवाल्याला पेंढी कशी धरायची हे कधीकाळी त्यानंच शिकवलं होतं. आता टोपीवाला सगळ्यांसमोर त्याला सांगे, "मालक, कणसाची बाजू पुढं धरा. असं. जमेल हळूहळू." मळणीवाला कणसाची बाजू पुढं धरे आणि दात आवळून घेई, त्यामुळं निदान भुसा तरी तोंडात जात नसे. बायको आणि आक्का खळ्यावर सांडलेला गहू चाळायच्या. मातीतून दाणे वेगळे करता करता दोघींच्या बोटांची अग्रं सोलली.

एका संध्याकाळी मामा अंगणात येऊन बसले. रस्त्याकडची त्यांची जागा गेल्या साली पेट्रोलपंपवाल्यांनी घेतली होती. ते पैसे बँकेत पडून होते. मामा अधूनमधून बँकेत जायचे आणि पैसे आहेत ना, एवढंच विचारून परत यायचे.

"यंत्र घे," मामा म्हणाले. "पैसे मी देतो."

मळणीवाला पाय धूत होता. त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "उसने?"

"उसने नाही. देतो म्हणजे देतो."

"असं कसं? सुगी झाली की थोडे थोडे परत…"

"उसने घेतलेला माणूस देणारा समोरून आला की रस्ता बदलतो. आपली तर भिंतच एक आहे. तू कुठून जाशील?"

"पण मामा, एवढे पैसे…"

"मग मी काय नोटा भात्यात घालू? माझं कोण आहे? जे आहेत ते या भिंतीच्या अलीकडं आहेत."

आतून आक्काचा आवाज आला. "घे रे. नाहीतर एक दिवस बँक नाही म्हणायची."

बँकेतल्या बाईंनी मामांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, रक्कम मोठी आहे, आधी करसल्लागाराला विचारून या. म्हणून चौघं बाजारगावात गेली. आक्काचं काम नव्हतं, पण पुरुष विचारायचं ते विसरून येतात, असं तिचं मत होतं.

करसल्लागाराची खोली औषधाच्या दुकानाच्या वर होती. खुर्च्या तीन होत्या. मामा खुर्चीवर बसले ते अगदी कडेला, कपड्याचा काळा डाग गादीला लागू नये म्हणून. मळणीवाला उभा राहिला. करसल्लागार हसतमुख माणूस होता.

"कोण देतंय आणि कुणाला?"

"हे मामा देताहेत. मला."

"मग सोपं आहे." सल्लागारानं पेनाचं टोपण लावून टाकलं. "मामा म्हणजे आईचे भाऊ. नात्यातल्यानं दिलेल्या पैशावर कर नाही. कितीही देऊ द्या."

मळणीवाल्याचा चेहरा उजळला.

"आईचे भाऊ नाहीत ते," आक्का म्हणाली.

मळणीवाल्यानं तिच्याकडं पाहिलं. आक्का भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती.

"मग कुणाचे मामा?"

"सगळ्यांचे," मळणीवाला म्हणाला. "पोस्टमनसुद्धा मामाच म्हणतो."

सल्लागारानं टोपण पुन्हा काढलं. "आणि मामा, या बाई तुमच्या कोण?"

"आक्का."

"म्हणजे थोरली बहीण. मग यांचे तुम्ही भाऊच झालात."

"नाही हो. याची बहीण. माझी नुसती आक्का."

"तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या?"

"लहान आहेत. पण आक्काच."

सल्लागारानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मानलेलं नातं इथं चालत नाही. कायदा रक्ताचं नातं बघतो, नाहीतर लग्नाचं. परक्यानं मोठी रक्कम दिली की ती घेणाऱ्याची कमाई धरतात. तुमच्या बाबतीत साधारण पाचातला एक वाटा करात जाईल."

"दिले यांनी आणि कर मी भरायचा?"

"मिळाले तुम्हाला, म्हणून कर तुम्हाला."

"पण मी तर काहीच काम केलं नाही."

"म्हणूनच."

"आणि काम करून मिळवले असते तर?"

"तरी कर होताच."

मळणीवाला खाली बसायला गेला, खुर्ची नाही हे आठवून पुन्हा उभा राहिला. त्याच्या बायकोनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दुसरी काही वाट नाही का?"

वाटा होत्या. सल्लागार एकेक सांगत गेला. उसने द्या, कर नाही. मामांनी नको म्हणून मान हलवली. मग यंत्र मामांच्या नावावर घ्या आणि यांना चालवायला द्या. "म्हणजे हा माझा नोकर झाला," मामा म्हणाले. "टोपीवाल्याचा आहे तो बरा आहे." मग दर साली थोडे थोडे द्या, लहान रकमेला माफी आहे.

"म्हणजे यंदा चाकं घ्यायची," मळणीवाला म्हणाला, "आणि पोरं मोठी झाली की ड्रम."

"मृत्युपत्रात लिहून ठेवा. माणूस गेल्यावर मिळालेल्या पैशाला हा कर लागत नाही."

मामांनी विचार केला. "कधीपर्यंत लागतील याला?"

"सुगी चालू आहे तोवर," मळणीवाला पटकन म्हणाला. बायकोनं त्याला कोपरानं असं ढोसलं की तो खोकायला लागला.

"मग राहिलं लग्नाचं नातं," सल्लागार हसून म्हणाला. "मामा एकटे, या बाई एकट्या. लग्न केलंत तर तुम्ही यांचे दाजी. दाजींनी मेव्हण्याला दिले की कर माफ." आणि तो खो खो हसला.

हसणारा तो एकटाच होता. मामा कडेवरून आणखी पुढं सरकले, आता पडतील की काय असे. आक्का उठली. "पंखा फार जोरात आहे इथला," असं म्हणून ती जिना उतरून गेली.

घरी आल्यावर नळाशी भांडी घासता घासता मळणीवाल्याची बायको हळूच म्हणाली, "झालंच समजा, तर पोरांनी मामांना काय म्हणायचं?"

"आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात की."

"म्हणजे काहीच बदलणार नाही."

"कर बदलेल," मळणीवाला म्हणाला, आणि दोघांनी भिंतीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वच्छ सदरा घालून आले. नखांतली काळी रेघ निघावी म्हणून त्यांनी बारीक खिळ्यानं कोरून कोरून बोटं लाल करून घेतली होती. आक्का अंगणात गहू चाळत होती.

"आक्का…" मामा म्हणाले, आणि तिथंच त्यांची गाडी रुतली. ही हाक आजच्या कामाची नाही, हे त्यांना आत्ता कळलं होतं. दुसरी कुठली हाक आणलेली नव्हती.

"बोला."

"ते काल जे म्हणाले… मी रात्रभर विचार केला. पाचातला एक वाटा वाचतो. त्यात यंत्राला धान्य वर चढवायचा पट्टा येतो. तुमच्या भावाची पाठ वाचेल."

आक्का चाळत राहिली. "आणखी काय वाचेल?"

मामांना हुरूप आला. "दोन चुली पेटतात, त्यातली एक वाचेल. मधल्या भिंतीत दार पाडलं तर मला चहाला अंगणातून फिरून येणं वाचेल. आणि…" त्यांनी बराच शोध घेतला. "दिवाही एकच लागेल."

आक्कानं चाळण खाली ठेवली. अंगावरचा भुसा झटकला.

"मामा, मी इतकी वर्षं एकटी राहिले ती काही काटकसर म्हणून नाही. आणि सवलत म्हणून तर कुणाच्या घरात मुळीच जाणार नाही."

ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मामा थोडा वेळ त्या चाळणीकडं बघत उभे राहिले, मग अर्धवट चाळलेला गहू त्यांनीच चाळून पुरा केला आणि घरी गेले.

जेवताना मळणीवाल्यानं विषय काढला.

"तुझ्या पट्ट्यासाठी मी नवरा करू?" आक्कानं विचारलं.

"पट्ट्यासाठी असं नाही, पण…"

त्या एका 'पण'वर आक्का ताटावरून उठली, आणि नंतर बायकोनं पातेलं त्याच्या हाताला लागणार नाही असं दूर सारलं.

गोष्ट बाहेर फुटायचं काही कारण नव्हतं. पण आपलं नेमकं काय चुकलं, हे मामांना कुणालातरी विचारायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी साऱ्या गावातून न्हावी निवडला. दुसऱ्या दिवशी यंत्र ऐन भरात चालू असताना टोपीवाल्यानं मळणीवाल्याच्या कानाशी तोंड नेलं, पण बोलला मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काय मालक, दाजी करमाफीत मिळणार म्हणे?"

पेंढ्या देणारे हसले, पोती शिवणारे हसले, शेतमालकसुद्धा तोंडावर फडकं धरून हसला. मळणीवाल्यानं एक पेंढी घेऊन कणसाची बाजू पुढं धरली आणि आत दिली. मग दोन दिल्या. मग चार एकदम कवेत घेऊन छातीनं रेटल्या, त्यांच्यावर आणखी दोन. टोपीवाल्याचं नवं कोरं यंत्र आधी कण्हलं, मग घुसमटलं आणि पट्ट्यातून धूर काढून गप्प झालं.

"जमेल हळूहळू," मळणीवाला म्हणाला आणि हात झटकत घराकडं निघाला. तिथल्या मजुरीचा विषय तेवढ्यात संपला.

घरी आला तर मामांच्या दारात तीन गडी घामाघूम होऊन ऐरण ओढत होते. मामांनी ती दारातून उचलून पार परसाच्या टोकाला, झाडाखाली नेली. तिथून घणाचा काय, माणसाच्या हाकेचाही आवाज भिंतीपर्यंत येत नव्हता.

"इतकं लांब कशाला, मामा?" मळणीवाल्यानं विचारलं.

"वारा असतो," मामा म्हणाले. वारा नव्हता.

त्या दुपारी आक्का नेहमीसारखी आडवी झाली. भिंतीपलीकडून काहीही आलं नाही. घण नाही, कानस नाही. ती या कुशीवरून त्या कुशीवर झाली, मग उठून बसली. थाप मारायला हात उचलला आणि कशाबद्दल मारायची ते न सुचून खाली घेतला.

संध्याकाळी तिनं भावाला समोर बसवलं. "पैसे घ्यायचे. जो काय कर होईल तो पुरता भरायचा. उरतील त्यात येईल ते यंत्र आणायचं."

"पाचातला एक वाटा फुकट घालवायचा?"

"फुकट कसा? कुठंतरी रस्ता होईल."

"आपला?"

"आपला नाही होणार," आक्कानं कबूल केलं. "पण कुणाचातरी होईल."

"आणि ते दुसरं? लग्नाचं?"

"ते तुझ्या यंत्राला लागत नाही," आक्का म्हणाली. मळणीवाल्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं नको म्हणून मान हलवली, तेव्हा तो गप्प बसला.

मामांना कळवायला मळणीवाला झाडाखाली गेला. मामांनी ऐकून घेतलं, घण ठेवला आणि लगेच सदरा बदलायला गेले. पुढच्या दिवसांत पैसे इकडचे तिकडं झाले, कर भरला गेला. सल्लागारानं पैसे भरल्याची पावती देताना मळणीवाल्याकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर चांगल्या दाताकडं बोट दाखवून हाच काढा म्हणणाऱ्याकडं पाहतो.

यंत्र आलं. चांगलं होतं, पण धान्य वर चढवायच्या पट्ट्याविना. दाणे खाली घमेल्यात पडायचे आणि मळणीवाल्यानं ते उचलून पोत्यात ओतायचे, पोतं पाठीवर घेऊन गाडीत टाकायचं. पहिल्याच आठवड्यात त्याचे खांदे सोलले. आभाळ भरून येऊ लागलं होतं. कापलेला गहू शेतात पडलेला, टोपीवाल्याचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. ज्या शेतमालकानं फडक्याआड हसून घेतलं होतं तोच अंगणात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "झालं गेलं विसरा. आभाळ बघा."

त्यांनी आभाळ बघितलं आणि यंत्र जोडलं. सकाळी उठायचं, अंधार पडेतो पेंढ्या सारायच्या, खाज सुटलेलं अंग धुवायचं आणि पडायचं. मामा बोल्ट आवळायला यायचे. आक्काशी ते फक्त यंत्राचं बोलायचे.

"इंजिनचा पट्टा सैल आहे."

"ताणते."

"फार नको."

"बरं."

मळणीवाल्याची बायको म्हणाली, दोन इंजिनं एकमेकांशी बोलतात तसं वाटतंय.

शेवटचं शेत उरकलं त्या दिवशी पाऊस आला, पण गहू पोत्यांत आणि पोती छपराखाली गेल्यावर आला. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं होतं. आक्का आंघोळ करून, वेणी घालून, चपला घालून परसात गेली. मळणीवाला आणि त्याची बायको झाडाजवळच्या, परसाच्या बुटक्या भिंतीआडून बघत राहिली. पोरं वर चढू लागली तेव्हा तिनं त्यांना पाय धरून खाली घेतलं.

मामा विळ्याला धार लावत होते.

"कर भरलाय," आक्का म्हणाली.

"कळलं मला."

"पुरता भरलाय. आता त्यातलं काही वाचायचं राहिलेलं नाही."

"नाही."

"चूल मी दोन पेटवीन, दिवेही दोन लावीन."

"बरं."

"मग आता विचारा."

मामांनी विळा खाली ठेवला, मग उचलला, मग कुठं ठेवावा ते न कळून ऐरणीवर ठेवला. "कारण काय सांगू?"

"कारण सांगणार असाल तर मी निघाले."

मामा उठून उभे राहिले. मग त्यांनी तिला नावानं हाक मारली. वडील गेल्यापासून ते नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. भिंतीआड मळणीवाल्याला क्षणभर कळेनाच, मामा कुणाला बोलावताहेत.

"ऐरण इकडं आणल्यापासून," मामा म्हणाले, "भिंत वाजत नाही. दुपार जात नाही माझी."

आक्कानं ऐरणीवरचा विळा उचलून खाली ठेवला.

"मग आधी ती जागेवर न्या," ती म्हणाली. "आणि दुपारी घासायचं जरा कमी."

भिंतीआड मळणीवाल्यानं सोललेल्या खांद्याला हात लावला. ऐरण कुणाला उचलावी लागणार, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं.

लग्नाची नोंद करायला चौघं पुन्हा बाजारगावात गेली. सह्या करून कचेरीच्या पायऱ्या उतरत होती तर खाली करसल्लागार भेटला. कशासाठी आलात म्हणून त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून पायरीवरच बसला.

"अहो, मग हेच महिनाभर आधी केलं असतं तर?"

"आधी केलं असतं तर तुमच्या सांगण्यावरून झालं असतं," आक्का म्हणाली. "आता माझ्या मनानं झालंय."

सल्लागारानं थोडं मनाला समजावलं. "असो. निदान यापुढं मामांनी यांना कितीही दिले तरी कर नाही."

मामांनी यावर खरोखर विचार केला. "पण आता द्यायला काही उरलंच नाही हो," ते म्हणाले.

"तेच बरं," आक्का म्हणाली. "कुणाला विचारत बसायला नको."

आणि ती चालू लागली. मामा तिच्या बरोबरीनं निघाले. दोघं बोलण्यात इतकी गुंतली की गाडीच्या थांब्याकडं वळायचं सोडून सरळ उलट्या दिशेला गेली. आवाज कमी-जास्त होण्याबद्दल काहीतरी चाललं होतं.

"मामा, थांबा," मळणीवाल्यानं मागून हाक दिली. बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं जीभ चावली आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, हाक मारली, "दाजी."

मामा थांबले नाहीत. दाजी म्हणजे आपण, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.